वाचकांचे प्रश्न : पेट्रोल किती, बॉम्ब किती आणि रात्रीचा रस्ता

सोव्हिएत युनियनच्या लांब पल्ल्याच्या बॉम्बर दलाबद्दल बरीच पत्रं आली. त्यांतले सात प्रश्न इथे घेतले आहेत. एवढा मोठा देश, हजारो विमानं, मग ब्रिटिश-अमेरिकनांसारखी जर्मन शहरं यांनी का भाजून काढली नाहीत, असा बहुतेकांचा सूर होता. इंजिन, पेट्रोल आणि दिशाशोधनावरच्या उत्तरांमधून त्याचा उलगडा होईल.

प्रश्न : एका लेखात ‘डीबीए’, दुसऱ्यात ‘एडीडी’ आणि तिसऱ्यात ‘१८वी हवाई सेना’ असं वाचलं. ही तीन वेगळी दलं होती का? (एक वाचक, नाशिक)

दल एकच, पाट्या तीन. नोव्हेंबर १९४०मध्ये जुनी व्यवस्था मोडून डीबीए, म्हणजे लांब पल्ल्याचं बॉम्बर दल उभं केलं गेलं. त्याच्या चार कोअर, म्हणजे मोठ्या तुकड्या, नोव्हगोरोद, कुर्स्क, स्मोलेन्स्क आणि झापोरोझ्ये इथे होत्या, पाचवीची जुळवाजुळव चालू होती. २२ जून १९४१ला जर्मन हल्ला झाला तेव्हा या दलाकडे तेराशेच्या वर विमानं होती. मार्च १९४२मध्ये हा आकडा साडेतीनशेच्या आत आला होता.

५ मार्च १९४२च्या हुकमाने दलाला एडीडी, म्हणजे लांब पल्ल्याचं हवाई दल, हे नाव मिळालं. नाव बदललं त्यापेक्षा हुकूम देणारा बदलला हे जास्त महत्त्वाचं. आधी आघाडीवरचा कुठलाही सेनापती अडचणीत आला की ही विमानं मागून घ्यायचा. आता ती थेट स्टावकाच्या, म्हणजे सर्वोच्च मुख्यालयाच्या ताब्यात गेली. स्टावका म्हणजे व्यवहारात स्टालिन. दलाचा प्रमुख अलेक्झांडर गोलोवानोव्ह तेव्हा ३७ वर्षांचा होता आणि वर्षभरापूर्वीपर्यंत एअरोफ्लोट या सोव्हिएत प्रवासी विमानसेवेचा वैमानिक होता. ६ डिसेंबर १९४४ला एडीडीची १८वी हवाई सेना झाली, प्रमुख तोच राहिला. युद्ध संपल्यावर १९४६मध्ये दल पुन्हा स्वतंत्र झालं.

प्रश्न : लांब पल्ल्याची विमानं तर शत्रूच्या पिछाडीला मारा करण्यासाठी असतात. मग १९४१च्या उन्हाळ्यात आघाडीवरच एवढी का पडली? (एक वाचक, सांगली)

कारण त्यांना त्यांचं काम करू दिलं नाही. जर्मन रणगाड्यांचे तांडे रोज कित्येक किलोमीटर आत येत होते आणि आघाडीवरची स्वतःची विमानं पहिल्याच दिवसांत तळांवर जळाली होती. उरलं कोण, तर लांब पल्ल्याचं दल. त्यांना दिवसाउजेडी, लढाऊ विमानांच्या सोबतीशिवाय, रस्त्यावरच्या रणगाड्यांवर आणि नदीच्या पुलांवर धाडलं गेलं. जून अखेरीस बोब्रुइस्कजवळ बेरेझिना नदीवरच्या जर्मन पुलांवर तर टीबी-३सारखी जुनी, सुस्त, चार इंजिनांची धुडंसुद्धा दिवसा पाठवली.

मुख्य विमान होतं डीबी-३एफ, यालाच मार्च १९४२पासून आयएल-४ म्हणतात. दोन इंजिनं, प्रत्येकी साधारण ११०० अश्वशक्ती. बॉम्बच्या पेटीत शंभर किलोचे दहा बॉम्ब बसायचे, आणखी वजन पोटाखाली बाहेर टांगता यायचं. विमान उंचावरून मारा करण्यासाठी बेतलेलं होतं. ते हजार मीटरच्या आसपास आणलं की लहान तोफांच्याही टप्प्यात यायचं.

त्याहून वाईट गोष्ट बंदुकांची. डीबी-३एफवर ७.६२ मिमीच्या तीन मशीनगन होत्या: एक नाकात नेव्हिगेटरकडे, एक पाठीवरच्या घुमटात आणि एक पोटाखालच्या झरोक्यात. माणसं मात्र तीनच. वैमानिकाचे हात अडकलेले, नेव्हिगेटर पुढे. पाठीवरची आणि पोटाखालची या दोन्ही बंदुका सांभाळायचा एकटा रेडिओवाला. तो वर उभा असताना मेसरश्मिट हे जर्मन लढाऊ विमान खालून मागून यायचं आणि तो वाकून खालची बंदूक धरेपर्यंत वरून दुसरं. यावर उपाय साधाच निघाला, चौथा माणूस. पण वजन वाढलं, आणि हा चौथा माणूस बसायचा तिथे चिलखत पुरेसं नव्हतं. पुढे वरची बंदूक १२.७ मिमीची झाली.

यातली सर्वांत कडवट गोष्ट २१२व्या रेजिमेंटची. गोलोवानोव्हने जानेवारी १९४१मध्ये स्टालिनला पत्र लिहून सुचवलं होतं की ढगांत, रात्री, फक्त उपकरणांवर उडू शकणाऱ्यांची वेगळी तुकडी हवी. त्यातून ही रेजिमेंट स्मोलेन्स्कला उभी राहिली आणि तिच्यात नागरी हवाई सेवेतले मुरलेले वैमानिक घेतले. अंधारात रस्ता शोधण्यासाठी निवडलेली ही माणसं युद्धाच्या पहिल्या आठवड्यांत दिवसाढवळ्या रणगाड्यांवर पाठवली गेली आणि त्यांतली पुष्कळ गेली.

याच पत्रात गास्तेल्लोबद्दलही विचारलं आहे. निकोलाय गास्तेल्लो २०७व्या रेजिमेंटचा वैमानिक. २६ जून १९४१ला त्याने पेटलेलं विमान जर्मन तांड्यावर घातलं, अशी अधिकृत कथा आहे. १९५१मध्ये त्याचं समजलं जाणारं थडगं उघडलं तेव्हा आत त्याच रेजिमेंटच्या मास्लोव्हच्या विमानातल्या लोकांचे अवशेष निघाले. त्या दिवशी कोणतं विमान नेमकं कुठे कोसळलं यावर अजून वाद आहे. दोन्ही विमानातले सगळे गेले, यावर नाही.

प्रश्न : ऑगस्ट १९४१मध्ये रशियनांनी बर्लिनवर बॉम्ब टाकले हे खरं का? तेव्हा तर ते मॉस्कोकडे मागे हटत होते. (एक वाचक, ठाणे)

खरं आहे, आणि ते जमलं ते एका बेटामुळे. २१-२२ जुलैच्या रात्री जर्मनांनी मॉस्कोवर पहिला मोठा हवाई हल्ला केला. त्याचं उत्तर द्यायचं तर दोन इंजिनांच्या विमानांना बर्लिन टप्प्यात येईल असा तळ हवा होता, आणि असा एकच शिल्लक होता: एस्टोनियाच्या किनाऱ्यालगतचं सारेमा बेट. तिथून बर्लिन साधारण ९०० किलोमीटर. बराचसा रस्ता समुद्रावरून, म्हणजे खाली तोफा नाहीत.

बेटावरच्या कागुल तळावर बाल्टिक आरमाराची पहिली टॉर्पेडो रेजिमेंट आली, प्रमुख कर्नल येवगेनी प्रेओब्राझेन्स्की. बॉम्ब आणि पेट्रोल जहाजांनी, सुरुंगांनी भरलेल्या पाण्यातून आणलं. विमानं शेतकऱ्यांच्या घरांना आणि गोठ्यांना चिकटवून, वर जाळी टाकून लपवली.

आता हिशेब. जाऊन-येऊन १८०० किलोमीटर, वेळ सुमारे सात तास, म्हणजे सरासरी तासाला अडीचशेच्या जरा वर. टाक्या काठोकाठ भराव्या लागायच्या. धावपट्टी जेमतेम १३०० मीटर, मातीची. इंजिनं वापरून थकलेली. अशा स्थितीत प्रेओब्राझेन्स्कीने प्रत्येक विमानावर ७५० ते ८०० किलोच बॉम्ब घेतले. कागदावर विमान हजार किलो नेत होतं, मग दोनशे कमी का, असं मॉस्कोला वाटलं. हजार किलो लादून दोन विमानं उडवून पाहिली आणि प्रयोग अपघातात संपला. त्यानंतर पुन्हा आठशेवरच काम चाललं. कागदावरचा आकडा नव्या इंजिनाचा आणि पक्क्या धावपट्टीचा असतो हे तळावरच्या मेकॅनिकला ठाऊक होतं, मुख्यालयाला अपघातानंतर कळलं.

७ ऑगस्टला रात्री नऊच्या सुमारास पंधरा विमानं उडाली. सहा-सात हजार मीटरवर बाहेरचं तापमान उणे ३५ ते ४०, केबिन तापवायची सोय नाही, तोंडाला ऑक्सिजनचा मुखवटा. श्वासातली वाफ गॉगलवर आणि मुखवट्यावर गोठायची, ती हातमोज्याने खरवडत बसायचं. पाच विमानं बर्लिनवर पोचली, बाकीच्यांनी श्टेटिन आणि इतर ठिकाणी बॉम्ब टाकले. बर्लिनचे दिवे चालू होते, कारण या दिशेने कोणी येईल हे तिथे कोणाच्या मनातच नव्हतं. दुसऱ्या दिवशी जर्मन रेडिओने ब्रिटिशांचा हल्ला परतवल्याचं सांगितलं आणि ब्रिटिशांनी जाहीर केलं की त्या रात्री आमची विमानं बर्लिनवर गेलीच नव्हती.

८ ऑगस्टच्या हुकमाने पहिल्या हल्ल्यातल्या प्रत्येकाला दोन हजार रुबल बक्षीस मिळालं. पुढे शेजारच्या आस्ते तळावरून सैन्यदलाची डीबी-३एफही सामील झाली. ४-५ सप्टेंबरच्या रात्री शेवटचा हल्ला झाला. सगळे हल्ले मिळून ८६ उड्डाणं, त्यांतली ३३ बर्लिनपर्यंत पोचली. बर्लिनचं नुकसान किरकोळच झालं. हा बोलून दाखवायचा हल्ला होता आणि बोलून झाल्यावर बेटही हातचं गेलं.

प्रश्न : टीबी-७ला डिझेल इंजिन लावलं होतं असं ऐकलं. विमानाला डिझेल कशासाठी? (एक वाचक, कोल्हापूर, व्यवसाय इंजिन दुरुस्ती)

तुमच्या ट्रकला ज्यासाठी लागतं त्याचसाठी. तेवढ्याच इंधनात जास्त अंतर, आणि गोळी लागली तरी डिझेल पेट्रोलसारखं भडकत नाही. लांब पल्ल्याच्या बॉम्बरला याहून काय हवं?

टीबी-७ म्हणजे पुढचं पीई-८, चार इंजिनांचं, अकरा माणसांचं, सोव्हिएतांचं त्या काळातलं एकमेव आधुनिक जड बॉम्बर. सगळी मिळून ९३च बनली, कझानच्या कारखान्यात. त्यांतल्या काहींना एम-४० हे डिझेल इंजिन बसवलं. अडचण उंचीवर. हवा विरळ झाली की आत जाणारी हवा आणि पिचकारीतून येणारं इंधन यांचं गणित बिघडायचं. वैमानिकाने थ्रॉटल झटक्यात कमी-जास्त केलं की इंजिन बंद. पेट्रोल इंजिनात ठिणगी असते, पंखा वाऱ्याने फिरत असला तर ते पुन्हा पकडतं. डिझेल दाबातल्या उष्णतेवर पेटतं. उणे तीस अंशांच्या विरळ हवेत, गार पडलेल्या सिलिंडरमध्ये तेवढी उष्णता येणार कुठून?

१० ऑगस्ट १९४१च्या संध्याकाळी ८१व्या डिव्हिजनची टीबी-७ विमानं लेनिनग्राडजवळच्या पुश्किनहून बर्लिनला निघाली. प्रमुख मिखाईल वोदोप्यानोव्ह, ध्रुवावर उतरलेला नामांकित वैमानिक. एक विमान उडतानाच इंजिनं बंद पडून कोसळलं. काहींची इंजिनं वाटेत बंद पडली. आपल्याच लढाऊ विमानांनी आणि तोफांनीही गोळ्या घातल्या, कारण अशा आकाराचं विमान आपलं असू शकतं हे खालच्या तोफचींना माहीतच नव्हतं. वोदोप्यानोव्ह स्वतः बर्लिनपर्यंत गेला, पण टाकी फुटून इंधन गळालं आणि परतताना एस्टोनियाच्या जंगलात, शत्रूच्या बाजूला, विमान झाडांवर उतरवावं लागलं. सगळे चालत आपल्या हद्दीत आले. डिव्हिजन गोलोवानोव्हकडे गेली आणि एम-४० काढून टाकलं.

त्याजागी आलं एएम-३५ए, उंचीवर उत्तम चालणारं पेट्रोल इंजिन. पण त्याच कारखान्याला आयएल-२ या जमिनीवर मारा करणाऱ्या विमानासाठी एएम-३८ची इंजिनं हवी होती आणि आयएल-२चा नंबर पहिला, म्हणून एएम-३५एचं उत्पादन थांबलं. शेवटी एएसएच-८२ हे हवेने थंड होणारं इंजिन बसलं. १९४४मध्ये वायईआर-२ या बॉम्बरवर पुन्हा डिझेल आलं, एसीएच-३०बी. म्हणजे कल्पना कोणी सोडली नव्हती.

मॉडेल बनवणाऱ्यांसाठी एक तपशील: पीई-८च्या आतल्या दोन इंजिनांच्या आवरणांच्या शेपटाला एकेक तोफची बसायचा, १२.७ मिमीची बंदूक घेऊन. पुढे इंजिन, मागे मोकळं आभाळ. ती जागा मॉडेलात हमखास रिकामी दिसते.

याच विमानाने मे १९४२मध्ये परराष्ट्रमंत्री मोलोतोव्हला नेलं. वैमानिक एंडेल पुसेपने १९ मेला मॉस्कोहून उडून, शत्रूच्या ताब्यातल्या मुलखावरून जाऊन, स्कॉटलंडमध्ये टीलिंगला विमान उतरवलं. मग आइसलंड, कॅनडा, वॉशिंग्टन आणि तोच रस्ता परत.

प्रश्न : रडार नाही, उपग्रह नाही, खाली सगळीकडे अंधार. मग रात्री हजार किलोमीटरवरचं शहर सापडायचं कसं? (एक वाचक, पुणे)

बरेचदा सापडायचं नाही, आणि ते का हे समजलं की बाकीचं समजतं.

उड्डाणाआधी नेव्हिगेटर नकाशावर पेन्सिलीने रस्ता आखायचा. वळणांच्या जागा अंधारातही ओळखू येतील अशा: नदीचा बाक, तळं, किनारा, रेल्वेचा फाटा. चांदण्यात पाणी चमकतं, जंगल काळं दिसतं. मग वाऱ्याचा हिशेब. विमानाचा वेग तासाला २५० आणि आडवा वारा ५० धरला, तर विमान साडेअकरा अंशांनी बाजूला सरकतं. ते लक्षात आलं नाही तर दोन तासांत शंभर किलोमीटर चूक. हवामानखात्याकडे शत्रूच्या मुलखातल्या वाऱ्याचा अंदाजच असायचा. म्हणून दर वळणावर खालची खूण गाठून प्रत्यक्ष वारा काढायचा आणि पुढचा कोन सुधारायचा. खाली ढग असले की हा सगळा उद्योग बंद.

परतीसाठी ‘चायोनोक’ नावाचा रेडिओ अर्ध-होकायंत्र होता. आपल्या हद्दीतलं रेडिओ स्टेशन लावायचं. काटा मधोमध असला म्हणजे तोंड स्टेशनाकडे, डावी-उजवीकडे झुकला म्हणजे तितकं वळायचं. अर्ध अशासाठी, की स्टेशन समोर आहे की पाठीमागे हे तो धड सांगत नाही. दमलेल्या माणसाने काटा मधोमध धरून उलट दिशेला जाणं शक्य होतं. हद्दीत शिरल्यावर जमिनीवरचे लुकलुकणारे दीप दिसायचे, प्रत्येकाचा संकेत वेगळा.

यात विमानाचा स्वतःचा दोष भर घालायचा. आयएल-४ हवेत सरळ राहत नसे. जड शेपटीमुळे नाक वर-खाली जायचं आणि वैमानिकाला दांडा एक मिनिटही सोडता येत नसे. वैमानिक एकच, उड्डाण सात-आठ तासांचं. नेव्हिगेटरकडे काढ-घाल करता येणारा दुसरा दांडा होता, पण तो हातात धरला की नकाशा कोणी बघायचा? नंतर स्वयंचालक यंत्र आलं आणि पंखांचा आकारही थोडा बदलला. १९४२मध्ये ॲल्युमिनियमची टंचाई झाली तेव्हा याच विमानाचे काही भाग लाकडाचे केले, त्यामुळे वजन वाढलं.

लक्ष्यावर पोचल्यावर काम गटांत वाटलेलं असे. सगळ्यात अनुभवी विमानं पुढे जाऊन छत्रीला टांगलेले प्रकाशबॉम्ब टाकायची. ते काही मिनिटं जळत खाली यायचे. वारा सेकंदाला दहा मीटर असला तर पाच मिनिटांत दिवा तीन किलोमीटर सरकतो. म्हणून तो वाऱ्याच्या वरच्या अंगाला टाकायचा आणि विझायच्या आत दुसरा. मग आगलावे बॉम्ब, मग मुख्य तांडा, वेगवेगळ्या उंचीवर. शेवटी एखादं विमान झगमगाटाचा बॉम्ब टाकून फोटो घ्यायचं, कारण ‘आम्ही लक्ष्यावरच टाकले’ असं प्रत्येक जण परतल्यावर सांगायचा.

बॉम्ब टाकण्याचा क्षणही बघा. पाच हजार मीटरवरून बॉम्ब खाली पोचायला ३२-३३ सेकंद लागतात. तासाला ३०० किलोमीटर वेगाने विमान तेवढ्यात अडीच किलोमीटरच्या वर पुढे जातं. म्हणजे शहर पायाखाली यायच्या बरंच आधी बटण दाबायचं. एक सेकंद उशीर म्हणजे ८३ मीटर चूक. खालून शोधदिवे डोळ्यांत, आणि डोक्यावरच्या मजल्यावरून जाणाऱ्या आपल्याच विमानांचे बॉम्ब बाजूने खाली चाललेले.

प्रश्न : गोव्यात दाबोळीच्या तळावर आयएल-३८ होती. आयएल-४शी तिचं काही नातं? (एक वाचक, वास्को)

आडनाव एकच. दोन्ही सेर्गेई इल्युशिनच्या डिझाइन ब्युरोची. पण आयएल-३८ ही चार टर्बोप्रॉप इंजिनांची, पाणबुड्या शोधणारी, आयएल-१८ या प्रवासी विमानावरून केलेली. भारतीय नौदलात ती १९७७ ते २०२३ होती. आयएल-४शी तिचा एक सुटा भागही जुळत नाही.

प्रश्न : शेवटी या दलाने साधलं काय? हेलसिंकीवर तर हजारो बॉम्ब टाकून शहर जवळजवळ शाबूत राहिलं म्हणतात. (एक वाचक, औरंगाबाद)

हेलसिंकीपासूनच सुरू करू. फेब्रुवारी १९४४मध्ये ६-७, १६-१७ आणि २६-२७ या तीन रात्री एडीडीने दोन हजारांवर उड्डाणं केली, अडीच हजार टनांच्या वर बॉम्ब टाकले. खुद्द शहरात त्यातले पाच टक्क्यांच्या आसपास पडले. मृत्यू १४६. फिनलंडने जर्मन रडारवर विमानं लवकर पकडली आणि तोफा एकेका विमानावर न रोखता त्यांच्या वाटेवर गोळ्यांची भिंत उभी केली. शहराबाहेर खोट्या आगीही पेटवल्या. वरून बघणाऱ्याला समोर भिंत आणि अलीकडे पेटलेलं ‘शहर’ दिसत होतं. बहुतेकांनी तिथेच बॉम्ब सोडले. वर सांगितलेला नेव्हिगेशनचा हिशेब इथे एका फटक्यात लागू पडतो.

पूर्ण युद्धात दलाने सुमारे दोन लाख वीस हजार उड्डाणं केली आणि दोन लाख टनांच्या आसपास बॉम्ब टाकले. ब्रिटिश बॉम्बर कमांडचा आकडा साडेनऊ लाख टनांच्या वर आहे. शिवाय सोव्हिएत बॉम्बांमधले फार थोडे दूरच्या शहरांवर पडले. १९४२च्या उन्हाळ्यात पूर्व प्रशियातलं केनिग्सबर्ग, बर्लिन, बुडापेस्टवर हल्ले झाले, २९ एप्रिल १९४३ला पीई-८ने केनिग्सबर्गवर पाच टनांचा एक बॉम्ब टाकला. तो इतका जाड होता की पेटीची दारं पूर्ण मिटायची नाहीत. पण रोजचं काम होतं आघाडीमागची रेल्वे जंक्शनं: ओरेल, ब्रियान्स्क. शिवाय तळ, पूल, आणि शत्रूच्या पिछाडीत गनिमी काव्याने लढणाऱ्यांना रसद. वालेन्तिना ग्रिझोदुबोवाची १०१वी रेजिमेंट एलआय-२ या मालवाहू विमानांनी माणसं-दारूगोळा पोचवायची, आणि त्याच विमानांच्या पोटाखाली बॉम्ब टांगून हल्लेही करायची.

आमच्या मते याला अपयश म्हणणं चुकीचं आहे. ९३ आधुनिक जड विमानं आणि उरलेली बहुतेक दोन इंजिनांची, एवढ्यावर शहरं उद्ध्वस्त होत नाहीत. पण ज्या रात्री जंक्शनवर दारूगोळ्याच्या गाड्या उभ्या असतात त्या रात्री तीस-चाळीस विमानं पुरतात.

७ एप्रिल १९४५ला केनिग्सबर्गच्या किल्ल्यावर या दलाची ५१६ विमानं दिवसा गेली, लढाऊ विमानांच्या पहाऱ्यात. १९४१मध्ये दिवसा गेली होती तेव्हा पहारा नव्हता. या वेळी आभाळ आपलं होतं आणि लक्ष्य नकाशावर शोधायची गरज नव्हती, कारण आपलं सैन्य त्याच्या भिंतींपाशी उभं होतं.